मध घातलेली जर्मन धाटणीची एल चाखताना या चुका टाळा

मधाची बिअर म्हणजे गोड बिअर, ही समजूत सर्वांत आधी सोडून द्यावी, कारण पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच होतात. मधात सुमारे 80 टक्के साखर असते आणि ती मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज या स्वरूपात असल्यामुळे यीस्ट ती जवळजवळ पूर्ण आंबवून टाकते. माल्टमधल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या, साखरेचा काही भाग न आंबता मागे राहतो आणि बिअरला भरीवपणा देतो. मधाचे तसे होत नाही. म्हणून आंबवण्याआधी किंवा आंबत असताना मध घातलेली एल (तुलनेने उबदार तापमानात आंबवलेली बिअर) साध्या एलपेक्षा बहुधा हलकी आणि शेवटाला कोरडी लागते. घोट घेऊन ‘यात मध कुठे आहे?’ असे विचारणारा माणूस जिभेवर शोधत असतो, मात्र मधाची खूण असते सुगंधात आणि विशेषतः घोट गिळल्यानंतर नाकातून बाहेर पडणाऱ्या श्वासात. तिथे फुलांचा, किंचित मेणाचा वास आला, तर मधाने आपले काम केले आहे.

याउलट एल ठळक गोड लागली, तर ती मधाचीच पावती आहे असे धरून चालू नये. तो गोडवा न आंबलेल्या माल्टचा असू शकतो. ‘हनी माल्ट’ नावाचा एक माल्टही मिळतो, ज्यात मधाचा थेंबही नसतो, तरी त्याची चव मधाकडे झुकते. त्यामुळे घटकांच्या यादीत ‘मध’ लिहिले आहे की नुसता ‘मधाचा स्वाद’, हे नीट वाचावे.

दुसरी चूक बर्फासारखी थंड बिअर पिण्याची. मधाचा सुगंध नाजूक असतो. माल्टच्या कढत्या रसात मध घातला, तर त्यातला बराचसा सुगंध वाफेबरोबर निघून जातो, म्हणून बिअर बनवणारे जाणकार ब्रुअर मध आंबण्याच्या उत्तरार्धात घालतात. एवढ्या काळजीने राखलेला सुगंध अतिथंड ग्लासात दबून जातो. सुगंध लागत नसेल, तर ग्लास काही मिनिटे हातात धरावा, हलके फिरवावा आणि साधारण 7 ते 10 अंश सेल्सिअसला पुन्हा हुंगावा. ग्लासला साबणाचा वा तेलाचा अंश राहिला असेल, तर फेस लवकर बसतो आणि बिअरला उगीच दोष दिला जातो.

‘जर्मन धाटणी’ ही एकच चव नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. हेफेवाइत्सन या गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळे येतो आणि तो तिथे हवाच असतो. कोलोनच्या कोल्शच्या धर्तीवरील नितळ, सौम्य एलमध्ये तोच वास ठळक आला, तर दोष समजावा. ड्युसेलडॉर्फच्या आल्टबिअरचा कडवटपणा आणि भाजलेल्या माल्टची चव फिक्या रंगाच्या सौम्य मधाला सहज झाकून टाकते, तिथे गडद आणि उग्र मधच टिकतो. तेव्हा मूळ प्रकार कोणता, हे कळल्याशिवाय मधाविषयी मत बनवणे घाईचे ठरेल. लेबलवर बव्हेरियाच्या 1516 च्या शुद्धतेच्या नियमाचा अभिमानाने उल्लेख असेल, तर तोही तपासून पाहावा: त्या नियमात जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) आणि पाणी एवढेच घटक होते, मध नव्हता. एकाच बाटलीवर दोन्हींचा गौरव टिकत नाही.

सर्वांत फसवी चूक मात्र वेगळीच आहे. जुनी, हवा लागलेली बिअर स्वतःच मधासारखा वास देऊ लागते, कारण शिळेपणात फिनाइलअ‍ॅसिटाल्डिहाइडसारखी मधाच्या वासाची संयुगे वाढतात. म्हणजे शिळ्या बाटलीला ‘भरपूर मधाची’ म्हणून दाद दिली जाण्याचा खरा धोका आहे. मधाच्या वासासोबत ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो का, ते पाहावे आणि भरल्याची तारीख वाचावी. तारीखच नसेल, तर अशा बाटलीला जादा पैसे मोजू नयेत. स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्याची आठवण करून देणारा उग्र वास आला, तर दोष मधाचा नाही, उजेडाचा असतो. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडून तो तयार होतो आणि हिरव्या वा पारदर्शक काचेत तो लवकर होतो.

किमतीचा निवाडा करताना अल्कोहोलची टक्केवारी हाच निकष धरणे चुकीचे आहे, कारण साध्या साखरेनेही ती वाढवता येते. दर मिलिलिटरची किंमत काढावी आणि शक्यतो त्याच ब्रुअरीच्या, त्याच प्रकारच्या, मध नसलेल्या एलशी ती ताडून पाहावी. मग दुसऱ्या कोणाकडून आतली बिअर न दिसणारे तीन सारखे ग्लास भरून घ्यावेत: दोनांत एक एल, तिसऱ्यात दुसरी. प्रत्येकातून लहानच घोट घ्यावा, मध्ये साधे पाणी प्यावे आणि वेगळा ग्लास ओळखून दाखवावा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून ग्लासांची अदलाबदल करून ही चाचणी काही वेळा करावी. फरक वारंवार ओळखता आला आणि तो आवडलाही, तर मधासाठी दिलेली जादा किंमत योग्य आहे. फरक ओळखताच आला नाही, तर साधी एल घ्यावी.