एकांकिका लिहायचीय? आधी तालमीला या

पावसाळा लागला की एक मेसेज ठरलेला. "ताई, मला लेखन करायचंय. कुठला कोर्स करू?" सोबत जाडजूड पीडीएफ. मी एकांकिका लिहिते आणि घरभाडं निघावं म्हणून मालिकांचे संवाद लिहिते, म्हणून बहुधा मला विचारतात. उत्तर एकच असतं: कोर्सचं नंतर बघू, सध्या कुणाच्या तालमीला जाऊन बसतोस ते सांग.

पुण्यात याला तोटा नाही. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, महाराष्ट्रीय कलोपासक भरवतात, आणि त्याच्या तालमी जुलैपासून रिकाम्या वर्गांत, गच्च्यांवर, पार्किंगमध्ये रात्री उशिरापर्यंत चाललेल्या असतात. कॉलेजांचाच फिरोदिया करंडक असतो, हौशी संस्थांसाठी राज्य नाट्य स्पर्धा असते. तुमच्या कॉलेजची टीम नसेल तर प्रायोगिक नाटक करणारा एखादा ग्रुप गाठा. "मी लेखक आहे" म्हणून जाऊ नका, कुणी विचारणार नाही. "प्रॉम्प्टिंग करतो" म्हणा, म्हणजे नट वाक्य विसरला की हळूच सांगायचं. प्रॉम्प्टर कुणालाच व्हायचं नसतं, लगेच घेतील.

आता हातात संहिता आणि पेन्सिल. नट कुठे अडखळतो तिथे बारीक खूण करा. एकाच जागी रोज अडखळत असेल, तर त्याचं पाठांतर कच्चं आहे असं दिग्दर्शक म्हणेल. माझ्या मते निम्म्या वेळा वाक्यच तोंडात न बसणारं असतं. एखादं वाक्य नट न सांगता बदलून टाकतो. चिडण्याआधी त्याने काय बदललं ते लिहून ठेवा. बहुतेकदा त्याने "कारण", "म्हणून", "खरं तर" गाळलेलं असतं.

हे जवळून बघू. नवीन लेखकाच्या संहितेत हमखास असलेलं वाक्य घ्या. मुलगा आईला सांगतो: "आई, मी खूप विचार करून नोकरी सोडायचा निर्णय घेतला आहे, कारण तिथे माझा जीव घुसमटतोय." यात सगळी माहिती आहे आणि आईला करायला काहीच शिल्लक नाही. तिने आता "काय!" म्हणायचं आणि पदर तोंडाला लावायचा. त्याऐवजी:

"उद्या डबा नको."
"का? बाहेर खाणारेस?"
"घरीच आहे."
"सुट्टी?"
"परवाही नको डबा."

आता आईला कळतंय, आणि ते तिला कळताना आपल्याला दिसतंय. पुढचं वाक्य तिचं. ती ओरडेल, की "मग दूध एक पिशवी जास्त घेऊ का" म्हणेल, यावर ती कोण आहे ते ठरतं. "घुसमट" हा शब्द कुणी उच्चारलेला नाही.

हाच प्रसंग सिनेमासाठी लिहिताना हे पाच संवादही लागणार नाहीत. सकाळची वेळ, ओट्यावर धुतलेला डबा पालथा, मुलगा गादीवर उठून बसलेला, आई डब्याकडे बघते आणि गॅस बंद करते. झालं. म्हणून एकांकिका चांगली जमणारी पोरं पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये आपटतात: पात्रं समोरासमोर बसून बोलत राहतात आणि कॅमेरा बिचारा ताटकळतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेला नटाच्या पापण्या दिसत नाहीत, तिथे शब्दांवर भार असतो. पडद्यावर पापणीही मोठी.

नाटकासाठी लिहिताना मात्र व्यवहार डोक्यात हवा. पात्र विंगेत गेलं आणि चार वाक्यांनी साडी बदलून आलं, हे कागदावर सोपं आहे. दर दोन पानांनी ब्लॅकआउट टाकू नका. अंधारात टेबल सरकवल्याचा आवाज प्रेक्षकांना स्पष्ट ऐकू येतो. आणि शेवट. गळफास, लाल स्पॉट, मागे कोरस गुणगुणतोय. पुरुषोत्तम जिथे होतो त्या भरत नाट्य मंदिराच्या भिंतींनी हा शेवट इतक्यांदा पाहिलाय की सुरुवातीची "अरे आवाज कुणाचा" ही पोरांची घोषणा संपायच्या आत त्यांना कळत असेल. कृपा करून पात्राला जिवंत ठेवा आणि त्याचं काय करायचं ते सुचेपर्यंत थांबा.

लांबी पानांवर मोजू नका. मोबाईलवर टायमर लावून मोठ्याने वाचा, हालचालींसाठी थांबत वाचा. स्पर्धेची वेळ उलटायला लागली तर आधी पहिली तीन पानं कापा. नाटक बहुतेक चौथ्या पानावर सुरू होतं.

पटकथेचं थोडं वेगळं. तिथे ठरलेल्या साच्यात एक पान म्हणजे ढोबळमानाने पडद्यावरचं एक मिनिट धरतात. आधी वन-लाइन लिहा, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडतं ते एकेका ओळीत. त्या ओळीत क्रियापद सापडलं नाही तर तो सीन नाहीये. सीनच्या डोक्यावर आत की बाहेर, जागा, दिवस की रात्र. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी कामं आणि तीन वेगळी श्रेयं असतात, मालिकांत तर बहुतेकदा तीन वेगळी माणसं. सुरुवातीला काम मिळतं ते संवादांचं. घ्या. दुसऱ्याची पटकथा उलगडताना जोडकाम कळतं.

शिकायचंच असेल तर विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था आहे, तिथे पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. त्याच रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ सालचं. सिनेमे बघायला तिथे जा, पिफ या पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवालाही जा. एखादा सिनेमा दुसऱ्यांदा आवाज बंद करून बघा, काय कळतं काय नाही ते वहीत टिपा.

आता कंटाळवाणा भाग, पण वाचा. नाटकाच्या प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सगळे त्याला सेन्सॉरच म्हणतात. आदल्या आठवड्यात धावाधाव करू नका. कुणाच्या कथेवर लिहिताय? लेखक हयात असेपर्यंत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क शाबूत असतो. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले, त्यांच्या लिखाणावर काहीही करा. पु. ल. २००० साली गेले, तिथे परवानगी लागणारच. "आधारित" लिहिलं की सुटलो, असं नसतं.

तुमच्या स्वतःच्या लिखाणाचंही तेच. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुरावर असतो. त्यामुळे कॅफेत कुणा निर्मात्याला गोष्ट ऐकवण्याआधी ती लिहून काढा, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन नोंदवा, आणि भेटीनंतर "आज तुम्हाला ही गोष्ट ऐकवली" असा साधा मेल टाका. हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कायद्याने ५ वर्षं धरतात. पण बहुतेक करारांत "कायमस्वरूपी" छापलेलं असतं, तेव्हा सही करण्याआधी तो शब्द शोधा. पैसे हप्त्यांत मागा: सही करताना, पहिल्या ड्राफ्टला, शेवटच्या ड्राफ्टला. "सिनेमा विकला गेल्यावर बघू" या वाक्यावर माझा एक अख्खा पावसाळा गेलाय, म्हणून सांगते. श्रेय कोणत्या शब्दांत येणार, पडद्यावर आणि पोस्टरवर, तेही त्याच कागदावर हवं.

आणि संहिता युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दिग्दर्शकाच्या लॅपटॉपवर उघडली की अक्षरांची खिचडी होते, आणि तो ती परत मागत नाही.