उर्दूत पोस्टर लावलं, तरी मोहल्ला गप्पच : साथीच्या काळात आरोग्याची माहिती पोहोचवताना या चुका टाळा

जुलै २०२०. आमच्या छोट्या स्वयंसेवी गटाने मोठ्या हौसेने कोविडबद्दलचं पोस्टर उर्दूत छापलं. मजकूर एका उर्दू शाळेच्या मास्तरांनी तपासलेला, कागद जाड, जागाही मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची. चौथ्या दिवशी समोरच्या किराणावाल्याने मला हळूच विचारलं, "भाईजान, ये कौन सी जबान है?" डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर चिकटवताना अक्षरं सुटी झाली होती आणि डावीकडून उजवीकडे बसली होती. मास्तरांनी कागदावर तपासलं ते बरोबरच होतं. छापून आलेलं त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. चार दिवस येणारेजाणारे बघून हसत होते आणि आम्हाला वाटत होतं, वा, लोक थांबून वाचताहेत.

ही चूक सगळ्यात सोपी. छापायला देण्याआधी शेवटचं प्रूफ ती लिपी वाचणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचं, झालं. पुढच्या चुका इतक्या सरळ नाहीत.

भाषांतर केलं की काम झालं, असं समजणं

उर्दू बोलणारा प्रत्येक जण उर्दू वाचतो असं नाही. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांत उर्दू माध्यमाच्या शाळा भरपूर आहेत, तिथे छापील उर्दू चालते. पण दुसऱ्या शहरात मराठी किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली पोरं घरात उर्दू बोलतात आणि वाचतात देवनागरी. त्यांच्या आजीला कुराण वाचता येतं, पण रोजच्या उर्दूतला मजकूर अडखळतो. मराठवाड्यात बोलली जाते ती दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू बोली. तिथे लखनवी थाटाची जाहिरात ऐकून लोक आदराने मान डोलावतात आणि कामाला लागतात. तेव्हा पोस्टर करण्याआधी दोन-चार घरांत विचारा : इथे कोण काय वाचतं, आणि कोण काय ऐकतं? बऱ्याचदा उत्तर निघतं, पोस्टर नको, चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा.

शब्दांचा घोळ तर वेगळाच. सरकारी मराठीत 'अलगीकरण' आणि 'विलगीकरण' असे दोन शब्द होते. एक संशयितासाठी, दुसरा रुग्णासाठी. शिकलेल्या मराठी माणसालाही त्यातला फरक सांगता येत नव्हता, तिथे यंत्रमागावरच्या कामगाराला काय कळणार? वस्तीत या दोन्हींना एकच शब्द होता : 'उठा के ले गए'. 'पॉझिटिव्ह' म्हणजे चांगलं की वाईट, हेही अनेकांना दोनदा विचारावं लागे. हिंदीतून आलेलं 'टीका लगवाएं' (म्हणजे लस घ्या) मराठी वाचणाऱ्याला भलतंच वाटे. आपल्याकडे टीका करतात, टोचत नाहीत. उपाय एकच, लोक बोलतात तो शब्द घ्यायचा. 'सुई', 'इंजेक्शन', 'वेगळ्या खोलीत दहा दिवस'. भाषा अशुद्ध झाली तर होऊ द्या.

मेळघाटात कोरकू, धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिल्ली, भामरागडात माडिया. या भागांत प्रमाण मराठी हीच परकी भाषा. तिथे लिपीचा प्रश्नच येत नाही, कारण काम कानावरच चालतं. आठवडी बाजार, सातपुड्यात होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, आणि गावचीच आशाताई. मेळघाटात माणूस आजारी पडला की आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूकडे जातो. त्याला टाळून पुढे जाणारा आरोग्यसंदेश गावाच्या वेशीवरच थांबतो. त्याला सोबत घ्या, 'धाप लागली तर लगेच दवाखान्यात पाठव' एवढं त्याच्या तोंडून निघालं तरी पुष्कळ.

न झेपणारं सांगणं

दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, नळाला दिवसाआड पाणी, संडास सार्वजनिक. तिथे 'सहा फुटांचं अंतर ठेवा' हे वाक्य ऐकणाऱ्याला एवढंच सांगतं की बोलणाऱ्याने घर पाहिलेलं नाही. त्यापेक्षा 'खोकणाऱ्याची चटई खिडकीकडे, त्याचं ताट वेगळं, घरातही मास्क, म्हाताऱ्यांना शेजारच्या घरी झोपवा' हे होण्यासारखं आहे. होईल तेवढंच सांगा.

अफवेला हसणं

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होताना पाहिलं.

'सर्व्हे म्हणजे एनआरसीची (नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीची) माहिती गोळा करतात', 'दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही', 'मेल्यावर दफन करू देत नाहीत'. सुशिक्षितांच्या गटांत यावर विनोद फिरत. पण प्रत्येक अफवेच्या पोटात काहीतरी खरं होतं. नागरिकत्वाच्या कायद्यावरून आंदोलनं सुरू होती ती २०१९-२० च्या हिवाळ्यात, आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच कुणीतरी वही घेऊन दारात उभं राहून विचारू लागलं, घरात किती जण, कुठून आलात. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने खरोखरच असं परिपत्रक काढलं होतं की कोविडने गेलेल्या प्रत्येकाचं, धर्म कोणताही असो, दहनच करायचं. ते त्याच दिवशी बदललं, दफनालाही परवानगी मिळाली. पण परिपत्रकाची बातमी गल्लीत पोहोचली, दुरुस्तीची पोहोचली नाही. तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेवरून टीव्हीवर जे महिनाभर चाललं, त्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० च्या निकालात परदेशी तबलिगींना बळीचा बकरा केल्याची शक्यता बोलून दाखवली आणि गुन्हे रद्द केले. तोवर 'कोरोना पसरवणारे' हा शिक्का बसून गेला होता. ज्याला आजारी म्हणून नव्हे, गुन्हेगार म्हणून बघितलं गेलं, तो ताप लपवणारच.

आणि हे काही नवं नाही. २०२० मध्ये वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगचा. त्या वर्षी पुण्यात रँडच्या हाताखाली घरं धुंडाळणाऱ्या सोजिरांविषयी आपण शाळेत शिकतो. मुंबईची गोष्ट कमी सांगितली जाते : ९ मार्च १८९८ रोजी जुलाहा विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला पथक आलं आणि त्यावरून दंगल पेटली. विणकरच, सव्वाशे वर्षांपूर्वीचे. त्याच प्लेगमध्ये वेगवेगळ्या जमातींनी स्वतःची रुग्णालयं काढली, पुण्यात टिळकांनीही काढलं. सरकारी इस्पितळाला घाबरणारी माणसं तिथे जायला तयार होती.

मग करायचं काय? अफवा ऐकली की आधी विचारायचं, 'हे कुठून कळलं?' आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. त्यातलं जे खरं असेल ते आधी मान्य करायचं : हो, तसं परिपत्रक निघालं होतं, त्याच दिवशी बदललं, आता कब्रस्तानात दफन होतं, अमक्या कब्रस्तानात झालंय. लसीत डुकराची चरबी आहे का, याचं उत्तर 'छे, काहीतरीच' असं नसतं. कोविशिल्डमध्ये काय काय आहे त्याची यादी जाहीर आहे; त्यात साखर आहे, मीठ आहे, अल्कोहोलचा अंशही आहे, डुकराचं जिलेटिन नाही. ही यादी पूर्ण वाचून दाखवा, अल्कोहोल गाळू नका. गाळलंत आणि दुसऱ्या कुणी दाखवलं, तर तुमचं बाकीचं खरंही खोटं ठरेल.

काढ्याचंही तसंच. मालेगावचा मन्सुरा काढा तेव्हा राज्यभर गाजला. काढ्याने कोविड बरा होतो याला पुरावा नाही, हे सांगायलाच हवं. पण काढा पिणाऱ्याची टिंगल केली की तो काढाही पितो आणि दवाखानाही टाळतो.

इमामसाहेबांना शेवटी बोलावणं

सगळं ठरवून झाल्यावर 'आता एवढं माइकवरून सांगा' म्हणत मशिदीत जायचं, ही पद्धत मुळातच अपमानाची. पोलिओत हा धडा गिरवून झाला होता. थेंबांनी पोरं पुढे वांझ होतात, या समजामुळे पश्चिम उत्तर प्रदेशात दारं बंद होत होती. तिथे मोहल्ल्यातल्याच बायका, इमाम आणि अलिगढ, जामिया मिलिया, जामिया हमदर्द ही विद्यापीठं या कामात उतरली, तेव्हा दारं उघडू लागली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा रानटी विषाणूचा रुग्ण सापडलेला नाही.

२०२१ चा रमजान एप्रिलच्या मध्यावर सुरू झाला, नेमका दुसऱ्या लाटेत. रोज्यात सुई चालते का, हा साधा प्रश्न होता आणि अनेक उलेमांनी चालते असं सांगितलंही. पण लसीकरण केंद्राची वेळ सकाळी दहा ते पाच. इफ्तारनंतर दोन तास केंद्र उघडं ठेवणं हे दहा भाषणांपेक्षा कामाचं. केंद्राची वेळ ठरवतानाच इमामसाहेब बैठकीत असते, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लिमबहुल भागात लसीकरण वाढवायला सलमान खानची मदत घेऊ म्हटलं होतं. असो. सलमान कुणाला आवडत नाही? पण तिसऱ्या दिवशी दंड सुजला तर विचारायला सलमान कुठे सापडणार?

त्रास लपवणं, मग धाक दाखवणं

'काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं' असं सांगून लस दिली, रात्री थंडी-ताप आला, दोन दिवस माग बंद, दोन दिवसांची मजुरी गेली. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, पगारी रजा नाही. त्या एका माणसाने गल्लीतल्या वीस जणांना परत पाठवलं. 'ताप येईल, दोन दिवस जातील, सुट्टीच्या आदल्या दिवशी घ्या' असं आधी सांगितलं असतं तर तोच ताप आमच्या बोलण्याचा पुरावा ठरला असता. त्यानंतर लस नसेल तर पेट्रोल नाही, रेशन नाही असे आदेश निघाले. रांगा वाढतात त्याने, खोटं का बोला. पण पुढच्या साथीत दार उघडेल का, ते सांगता येत नाही.

'समजलं ना?' असं विचारणं

याचं उत्तर सगळीकडे 'हो' असंच येतं. डॉक्टरसमोर नाही म्हणायची कुणाची टाप आहे? त्याऐवजी म्हणायचं, 'मी नीट सांगितलं का ते बघायचंय. घरी गेल्यावर भाभींना काय सांगाल, ते मला सांगा.' परीक्षा त्यांची नाही, आपली, हे आवाजातून कळलं पाहिजे.

मी हे शिकलो ते एका आजोबांमुळे. आम्ही घरोघरी ऑक्सिमीटर दिले होते. बोटाला मेंदी नको, नेलपॉलिश नको, ९४ च्या खाली गेलं की फोन करा, सगळं सांगून झालं होतं. आजोबांनी 'हो' म्हटलं होतं. रात्री अडीचला त्यांच्या मुलाचा फोन : आकडा ८८, सगळं घर जागं, रिक्षा मिळत नाही. तिथे पोहोचलो तर आजोबा धाप न लागता मलाच बसायला सांगत होते. ८८ हे नाडीचे ठोके होते. ऑक्सिजन ९७. यंत्रावर दोन आकडे दिसतात, हे आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ऑक्सिमीटरवर, ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी, लाल चिकटपट्टीचा तुकडा लावायला लागलो.