राहून गेलेल्या मेडलची नोंद रेकॉर्डमध्ये कशी करून घ्यावी

अण्णा पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून घरी येताना मिळणारं नोकरीचं पुस्तक, त्यांनी शर्टाच्या आतून काढलं. म्हणाले, "बाबूजी, एकाहत्तरच्या लढाईत मी पूर्वेकडं होतो. मांडीत अजून तुकडा आहे. पुस्तकात बघा, काहीच नाही."

मी चोवीस वर्षं फौजेत क्लर्क होतो, हवालदार म्हणून घरी आलो. गावाकडचे माजी सैनिक मला अजून बाबूजीच म्हणतात आणि कागदाचं काम निघालं की येतात. मेडलची तक्रार घेऊन येणारा बहुतेक माणूस मेडल मागतो. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं. आधी नोंद मागा. तुम्ही कोणत्या तारखेला कुठे होता हे कागदावर आलं की मेडल त्या कागदामागून येतं. नुसतं "मला मेडल मिळालं नाही" असं लिहिलेलं पत्र कुठल्याच फायलीला लागत नाही.

अण्णांच्या पुस्तकात मेडलच्या पानावर तीन नोंदी होत्या: संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि सैन्य सेवा मेडल. घरच्यांना वाटत होतं, संग्राम मेडल आहे म्हणजे लढाईचं मेडल मिळालंच की. तसं नसतं. मोठ्या लढाईनंतर साधारण दोन प्रकारची मेडल निघतात. स्टार असतो तो प्रत्यक्ष लढाईच्या भागात असलेल्यांना. दुसरं मेडल बरंच व्यापक असतं, मागच्या भागात राहिलेल्यांनाही ते मिळतं. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वी स्टार (पूर्व आघाडीचा), पश्चिमी स्टार (पश्चिम आघाडीचा) आणि संग्राम मेडल. कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. त्यामुळे नुसत्या संग्राम मेडलवरून माणूस नेमका कुठे होता ते कळत नाही. अण्णांचा पूर्वी स्टार राहिला होता. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला मिळणारं जखमेचं मेडल, म्हणजे आताचं पराक्रम पदक, तेही राहिलं होतं.

शौर्य पदकाची गोष्ट वेगळी आहे. वीर चक्र, सेना मेडल यांच्यासाठी त्या वेळच्या कमांडिंग ऑफिसरनं शिफारस लिहिलेली असावी लागते आणि नाव भारत सरकारच्या राजपत्रात छापून येतं. राजपत्रात नाव आहे पण पुस्तकात नोंद नाही, तर ती चूक दुरुस्त होते. "शिफारस व्हायला हवी होती" या म्हणण्यावर पन्नास वर्षांनी काही हालत नाही. त्या आशेवर म्हाताऱ्या माणसांनी एसटीचे हेलपाटे घालू नयेत, म्हणून मी हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलतो.

आता नोंद राहते कुठे ते समजून घ्या, कारण शोध तिथूनच सुरू करायचा आहे. जवानाच्या बाबतीत काहीही घडलं, रजा, लग्न, बढती, बदली, हॉस्पिटलात भरती, की पलटणीचा क्लर्क त्याची पार्ट टू ऑर्डर काढतो. ती रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाला, जाते. तिथे शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदपत्रकावर, नोंद होते आणि घरी येताना जे डिस्चार्ज बुक हातात मिळतं ते त्या शीट रोलवरून भरलेलं असतं. लढाईनंतर पात्र जवानांची नावनिशीवार यादी पलटण बनवते. मी स्वतः अशा याद्या टाइप केल्या आहेत. रात्री कंदिलाच्या उजेडात तीन-तीन कार्बन लावून चारशे-पाचशे नावं मारायची, आणि त्यात हॉस्पिटलात असलेला माणूस कुणाच्या डोळ्यासमोर नसतो.

गळणारी माणसं बहुधा ठरलेली असतात. जखमी होऊन मागे गेलेला, कारण तो बराच काळ परतला नाही की पलटणीच्या संख्येतून कमी होतो. दुसऱ्या पलटणीला अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरता, दिलेला ड्रायव्हर, लाइनमन, स्वयंपाकी; यजमान पलटण समजते त्याची मूळ पलटण नाव घालेल आणि मूळ पलटण समजते तिकडून जाईल. लढाई संपताच बदली झालेला. आणि मेडल यायच्या आधीच रिझर्व्हवर (गरज पडली तर परत बोलावणार अशा यादीवर) घरी आलेला. अण्णा ड्रायव्हर होते, अटॅचमेंटवर होते आणि जखमीही झाले होते. तिन्ही भोकांतून एकच माणूस गळला. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पण त्यांनी पन्नास वर्षं प्रत्येक २६ जानेवारीला कोटावर मेडलची अर्धीच पट्टी लावली, हेही खरं आहे.

लिहायला बसण्याआधी घर धुंडाळा. अण्णांच्या घरी आम्ही पत्र्याची जुनी काळी ट्रंक उघडली. लग्नातले फोटो, बँकेची पासबुकं, आणि तळाला आईनं जपून ठेवलेली तीन आंतरदेशीय पत्रं. एकावर फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का होता, घडी बरोबर शिक्क्यावर आली होती. बॅटरीचा उजेड तिरका धरला तेव्हा पोस्ट ऑफिसचा नंबर आणि डिसेंबर १९७१ ची तारीख वाचता आली. आत मजकूर काय, तर "बैलाला पेंड घालत जा, मी खुशाल आहे." फील्ड पोस्ट ऑफिस फौजेबरोबर हलत असतं, म्हणून तो नंबर आणि तारीख माणूस कोणत्या फॉर्मेशनबरोबर (ब्रिगेड, डिव्हिजन) होता त्याचा आधार देते. एकट्या पत्रावर नोंद होणार नाही, पण जोडायला फार मोलाचा कागद आहे.

बाकी शोधायचं ते असं. हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, मेडिकल बोर्डाची प्रत, पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), जुनं ओळखपत्र, मूव्हमेंट ऑर्डर (एका ठिकाणाहून दुसरीकडे जायचा हुकूम). सगळ्यात जड पुरावा मात्र सोबत्याचा असतो. त्याच पलटणीत, त्याच तारखांना असलेल्या आणि पुस्तकात पूर्वी स्टार लागलेल्या सोबत्याला शोधा. त्याच्या डिस्चार्ज बुकाची प्रत आणि त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. प्रतिज्ञापत्रात त्याचा आर्मी नंबर, रँक, कंपनी आणि "आम्ही अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी एकत्र होतो" हे वाक्य हवं. "हे चांगले सैनिक होते" असलं काही लिहून जागा घालवू नका. गणवेशातला फोटो मी शेवटी जोडतो, कारण त्यावर तारीखही नसते आणि ठिकाणही नसतं.

मग अर्ज. तो आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसच्या ऑफिसर इन चार्जच्या नावे जातो, दिल्लीला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं (फौजेचे इंजिनिअर) खडकीला. पत्ता पीपीओवर किंवा डिस्चार्ज बुकावर असतो. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करा, वाचणारा कारकून कुठल्याही राज्यातला असू शकतो. पहिल्या ओळीत आर्मी नंबर, पुढच्या-मागच्या अक्षरासकट. ते अक्षर सुटलं की फाइल सापडायला वेळ जातो. मग रँक, पुस्तकात आहे तसंच नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख. आधार कार्डावरचं नाव वेगळं असेल तर ते इथे घुसडू नका, नावाची दुरुस्ती हे स्वतंत्र प्रकरण आहे.

मजकूर एका पानाच्या वर जाऊ देऊ नका. अण्णांच्या अर्जात आम्ही चारच गोष्टी लिहिल्या: कोणत्या पलटणीतून कोणत्या पलटणीला अटॅचमेंटवर गेलो, कधी आणि कुठे जखमी झालो, कोणत्या हॉस्पिटलात होतो, आणि म्हणून शीट रोल व पार्ट टू ऑर्डर तपासून पूर्वी स्टारची आणि जखमेच्या मेडलची नोंद व्हावी. खाली जोडलेल्या कागदांची क्रमांकानं यादी. अण्णांना त्या रात्रीची सगळी हकीकत लिहायची होती, नदी, अंधार, पुढची गाडी उडाली ते. मी ती वहीत उतरवून घेतली आणि वही त्यांच्या नातवाकडे दिली. अर्जात मात्र तारखाच घातल्या.

अर्ज स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या. त्यांचं शिफारसपत्र लागलं तर पाठपुरावा सोपा होतो, आणि ते पैसे घेत नाहीत. कुणी एजंट "मेडल काढून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

अण्णांना चार महिन्यांनी उत्तर आलं: उपलब्ध रेकॉर्डनुसार नोंद आढळत नाही. बहुतेक माणसं इथेच थांबतात. थांबू नका. या उत्तराचा अर्थ एवढाच, की शीट रोलवर नोंद नाही. ते तर आपणच कळवलं होतं. आता माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, त्याच रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे. दहा रुपयांची इंडियन पोस्टल ऑर्डर जोडा, मुदत तीस दिवसांची. प्रश्न कागदाबद्दल विचारा. "मला मेडल का दिलं नाही" असं विचारलंत तर "का" चं उत्तर देणं कायद्यात बसत नाही म्हणून अर्ज फेटाळतात. आम्ही लिहिलं: "माझ्या शीट रोलची संपूर्ण साक्षांकित प्रत द्यावी. नोव्हेंबर १९७१ ते जून १९७२ या काळात माझ्याबाबत निघालेल्या सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्याव्यात. माझ्या हॉस्पिटल भरतीच्या नोंदीची प्रत द्यावी." उत्तर अपुरं आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याला फी नाही.

पाकीट आलं त्यात बारा पानं होती. सातव्या पानावर, पुसट कार्बनवर, अण्णांच्या अटॅचमेंटची पार्ट टू ऑर्डर होती, पलटणीच्या नावासह आणि तारखेसह. मी ती ओळ त्यांना दोनदा वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पाकीट डोळ्यांना लावलं.

दुसरा अर्ज त्या ओळीच्या जोरावर गेला आणि पूर्वी स्टारची नोंद झाली. जखमेच्या मेडलचं प्रकरण अजून सुरू आहे, कारण हॉस्पिटलात भरती झाल्याची पार्ट टू आहे पण तीत "बॅटल कॅज्युअल्टी" (लढाईत जखमी) हे शब्द नाहीत. जखमेच्या मेडलसाठी सगळा भार त्या दोन शब्दांवर असतो. साधी इजा म्हणून नोंद झाली असेल तर शत्रूच्या माऱ्यातली जखम असल्याचं मेडिकल कागदावरून दाखवावं लागतं. मेडिकल बोर्डाच्या प्रतीत "स्प्लिंटर" (उडालेला तुकडा) किंवा "गनशॉट" (बंदुकीची गोळी) असा शब्द आहे का ते शोधा, अण्णांच्या प्रतीत तो सापडला आहे. ही नोंद दुरुस्त झाली तर वॉर इंज्युरी पेन्शनचाही, म्हणजे लढाईतल्या जखमेच्या पेन्शनचाही, प्रश्न निघतो. त्याचा अर्ज वेगळा करा, दोन मागण्या एका पत्रात मिसळल्या की दोन्ही टेबलं एकमेकांकडे बोट दाखवतात.

रेकॉर्डनं लेखी नकार दिला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांच्या आत जायचं असतं, म्हणून नकाराचं पत्र आलेल्या पाकिटावरची पोस्टाची तारीख जपून ठेवा. तिथे जाण्याआधी वर सांगितलेले कागद हातात हवेत.

जवान हयात नसेल तर पत्नी किंवा मुलं अर्ज करू शकतात. फॅमिली पेन्शनची पीपीओ आणि मृत्यूचा दाखला जोडायचा. पेन्शन नसताना घरी आलेल्यांची कागदपत्रं ठरावीक वर्षांनी नष्ट केली जातात, त्यामुळे त्यांच्या घरच्यांनी उशीर करू नये. कॅन्टोन्मेंटच्या दुकानात पूर्वी स्टार विकत मिळतो हे मला ठाऊक आहे. नोंद होईपर्यंत तो लावू नका.

नोंदीसाठी डिस्चार्ज बुक मागवलं तरच पाठवा, तेही लेखी मागणी आल्यावर, आणि आधी कोऱ्या पानांसकट प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून. परत आलं की पोस्टमन दारात असतानाच उघडा. मेडलच्या पानावर नवी ओळ, तिच्यासमोर पार्ट टू ऑर्डरचा नंबर आणि तारीख, खाली सही आणि कार्यालयाचा गोल शिक्का, एवढं बघा. अण्णांच्या पुस्तकात सही होती, शिक्का नव्हता. आम्ही त्याच दिवशी ते परत पाठवलं.