पाण्याचा, जंगलाचा आणि गरिबीचा एकच नकाशा कसा काढावा

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे नाशिक जिल्ह्यातले धो धो पावसाचे तालुके. तरी कित्येक पाड्यांवर एप्रिलमध्ये बाया झिऱ्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. पावसाच्या नकाशावर इथे सुबत्ता दिसते, गरिबीच्या नकाशावर कारण दिसत नाही. म्हणून दोन्ही एकत्र काढायचे.

सुरुवात एकाच पाड्यापासून करा. जनगणनेचे आकडे महसुली गावाचे असतात, पाडा त्यात हरवून जातो. गावनकाशा सोबत घ्या आणि सरपण-पाण्याला जाणाऱ्या बायांबरोबर शिवारफेरी मारा.

मग अंगणात रांगोळीने नकाशा काढायला सांगा. झरे, मोहाची झाडं, नागली-वरईची वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन, चराई, देवराई असं सगळं त्यात येऊ द्या. बायांचा नकाशा वेगळा काढा, ही अट सोडू नका. पुरुष रस्ता आणि शेत आधी दाखवतात. आटलेला झरा बाया दाखवतात.

प्रत्येक जागेबद्दल विचारा: इथून काय मिळतं, कोणत्या महिन्यात, किती चालावं लागतं, घरी खातात की विकतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हक्क कुणाचा? २००६च्या वनहक्क कायद्याखाली गावाचा जंगलावरचा सामूहिक दावा मंजूर आहे का, ते ग्रामसभेत विचारा. जंगल शेजारी असणं वेगळं आणि ते हाताशी असणं वेगळं.

आता घरं. उत्पन्न विचारू नका, खरा आकडा क्वचितच मिळतो. घरचं धान्य किती महिने पुरतं आणि द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडला कोण जातं, हे विचारा. त्यावरून घरांना रंग द्या आणि प्रत्येक घरापासून त्याच्या झऱ्यापर्यंत, जंगलापर्यंत रेघा ओढा. भूमिहीन घराची रेघ बहुतेक जंगलाकडेच जाते. ते जंगल तुटलं तर आधी कोण उघड्यावर पडेल, हे तिथेच कळतं.

नकाशाच्या कडेला बाहेर जाणारे बाणही काढा. वैतरणेचं पाणी मुंबईला जातं, गोदावरीचं गंगापूर धरणातून नाशिक शहराला. डोंगर राखणाऱ्या पाड्याच्या वाट्याला काय येतं, ते बाणाशेजारी लिहा.

हे संगणकावर घ्यायला क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. औषधी वनस्पतींच्या नेमक्या जागा मात्र त्यात टाकू नका, ओरबाडणारे टपलेले असतात. मूळ कागद पाड्यावरच ठेवा आणि पुढच्या एप्रिलमध्ये तोच घेऊन पुन्हा झऱ्यावर जा.