राउटरपलीकडचं फाइल शेअरिंग: या चुका टाळा

मशीनं राउटरच्या दोन बाजूंना गेली की ठरलेली तक्रार येते: "नेटवर्कमध्ये ते मशीन दिसतच नाही, शेअरिंग बंद पडलंय." यातलं पहिलं अर्ध खरं असतं, दुसरं बहुतेकदा नाही. विंडोज शेजारच्या मशीनची यादी बनवतं ती ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम हाक) नाहीतर मल्टिकास्टवर (ठरावीक गटाला हाक). मशीन शोधायच्या या पद्धती वेगवेगळ्या पोर्टवर, म्हणजे क्रमांकाच्या दारांवर, चालतात: जुनं नेटबायोस यूडीपी १३७ वर विचारतं, डब्ल्यूएस-डिस्कव्हरी ३७०२ वर, मॅक आणि लिनक्सचं एमडीएनएस ५३५३ वर. ही विचारपूस राउटर सहसा पुढे जाऊ देत नाही, आणि देऊही नये. दुसऱ्या सबनेटमधलं (राउटरने वेगळ्या केलेल्या नेटवर्कच्या भागातलं) मशीन यादीत नसणं हा बिघाडच नाही. सरळ पत्ता टाका: \\१९२.१६८.२०.५\हिशोब. उघडलं तर प्रश्न फक्त नावाचा आहे. डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरवर, नोंद करा आणि विषय संपवा. प्रत्येक मशीनच्या होस्ट्स फाइलमध्ये (नाव-पत्त्यांची त्या मशीनपुरती यादी) नावं लिहीत बसू नका. आयपी बदलला की ती निस्तरायला तुम्हालाच फिरावं लागतं.

पत्त्यानेही उघडलं नाही, तर मी परवानग्यांकडे ढुंकूनही बघत नाही. आधी पोर्ट. विंडोजवर पॉवरशेलचं टेस्ट-नेटकनेक्शन, लिनक्सवर एनसी (नेटकॅट) ही कमांड. विंडोज शेअरिंगचं पोर्ट टीसीपी ४४५ लागतंय का, एवढंच. हे करायला धीर लागत नाही, तरी कोणी करत नाही.

एका ऑफिसात हिशोबाच्या फाइली एका विंडोज मशीनवर होत्या. नेटवर्कचे दोन भाग केले, डिझाइनवाल्यांची लिनक्स मशीनं पलीकडे गेली आणि त्यांचं माउंट (शेअर आपल्या मशीनला जोडणं) टाइमआउट व्हायला लागलं. तिथल्या उत्साही पोराने आधी शेअरवर 'एव्हरीवन'ला फुल कंट्रोल देऊन टाकला. मग कुठलासा व्हिडिओ बघून एसएमबी१, म्हणजे विंडोज शेअरिंगच्या प्रोटोकॉलची जुनी आवृत्ती, चालू केलं. हे तेच, ज्यातल्या भोकातून २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला आणि जे त्याच वर्षापासून मायक्रोसॉफ्ट विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमधून काढायला लागलं. शेवटी पासवर्डही काढला. फरक शून्य, कारण पॅकेट शेअरपर्यंत पोचतच नव्हतं. विंडोजच्या फायरवॉलमध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंगचे नियम प्रायव्हेट प्रोफाइलला (घर-ऑफिसच्या विश्वासू नेटवर्कसाठीच्या सेटिंगला) मुळात 'लोकल सबनेट'पुरतेच असतात. पिंगचा (मशीन उत्तर देतंय का, हे बघायच्या चाचणीचा) नियमही त्याच गटातला, म्हणून पिंगही बंद, आणि त्यावरून सगळे राउटरला शिव्या घालत होते. नियमाच्या स्कोपमध्ये (कोणत्या पत्त्यांना लागू, ती यादी) पलीकडचं सबनेट जोडलं, माउंट झालं. बाकीची दुपार त्या पोराने केलेले बदल उलटवण्यात गेली.

फायरवॉल 'तात्पुरती' बंद करणारेही याच जातकुळीतले. ती पुन्हा चालू केल्याचं मी क्वचितच पाहिलंय.

निदान एररचा क्रमांक तरी वाचा. विंडोजचा ५३ म्हणजे तुम्ही तिथे पोचलाच नाहीत. ५ म्हणजे पोचलात, पण परवानगी नाही. दोन्हींवर तोच उपाय करणाऱ्यांना काय म्हणावं?

सर्व्हर स्वतःच्या सबनेटमध्ये उत्तम चालतो, बाहेरून मात्र नाही? त्याचा डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायला वापरायच्या राउटरचा पत्ता, बघा. पॅकेट येतं, उत्तराला परतीचा रस्ताच नसतो.

फोल्डर उघडतो, छोट्या फाइली येतात, मोठी फाइल सुरू होऊन लटकते: हे मी व्हीपीएनवर नेहमी बघतो आणि माझा पहिला संशय एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, असतो. १४०० करून बघतो; सुटलं तर वाटेत आयसीएमपी (पॅकेट मोठं झालंय, असे निरोप नेणारा प्रोटोकॉल) सरसकट ब्लॉक कोणी केलंय ते शोधतो. सुरक्षिततेच्या नावाखाली केलेलं हे काम निव्वळ आळस आहे.

एनएफएस (लिनक्स-युनिक्सचं फाइल शेअरिंग) असेल तर आवृत्ती ४ वापरा, राउटरवर फक्त २०४९ उघडावं लागतं. आवृत्ती ३ ला १११ आणि माउंटडीचं (माउंटची विनंती हाताळणाऱ्या सेवेचं) पोर्टही लागतं. फाइलींचा मालक भलताच दिसला तर दोन्हीकडचे यूआयडी (युजरचे क्रमांक) जुळवा. ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, देऊन मोकळे होऊ नका.

लिनक्सवर फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला चालत नाही. नावं आधीच साधी ठेवा.

आणि एरर १२१९ आला, तर त्याच सर्व्हरवर दुसऱ्या युजरनेमने जुनी जोडणी शिल्लक आहे. 'नेट यूज' या कमांडने ती काढा आणि नव्याने जोडा. रीस्टार्टची गरज नाही.