चिविता दि बान्योरेज्यो बघायचं, तर आधी पायथा बघा

चिविता हे इटलीच्या लात्सिओ प्रांतातलं, बोल्सेना तळ्याजवळचं टेकडीवरचं गाव. बहुतेक लोक पूल चढतात, चौकात फोटो काढतात आणि उतरतात. मी भूगर्भशास्त्र शिकलेली, त्यामुळे माझा आग्रह उलटा आहे: आधी खडक वाचा, म्हणजे इतिहास आपोआप कळतो.

ओर्व्हिएतो या जवळच्या शहराहून बस शेजारच्या बान्योरेज्यो गावापर्यंतच जाते. रविवारी बस मिळेल असं धरून चालू नका. तिथून बान्योरेज्योच्याच दुसऱ्या टोकाला चालत जा. दरीच्या काठावर थांबायला जागा आहे, तिथे घाई करू नका. समोरच्या टेकडीवर दोन रंग नीट वेगळे दिसतात. वरचा पिवळसर-तपकिरी, उभ्या कड्यांचा थर म्हणजे टफ, जुन्या ज्वालामुखींच्या राखेचा घट्ट झालेला खडक. खालचा करडा, ओघळांनी चिरलेला उतार ही पूर्वीच्या समुद्रतळाची चिकणमाती. पाऊस आणि पायथ्याचे ओढे ती माती धुऊन नेतात, वरच्या टफचा आधार सुटतो, त्याला उभ्या भेगा पडतात आणि कड्याचा तुकडा घरांसकट खाली जातो. गावाची सगळी कहाणी या एका प्रक्रियेत आहे.

आता पूल. १९६५ साली बांधलेला हा काँक्रीटचा पूल शेवटी चांगलाच चढा आहे आणि त्यावरून पायीच जावं लागतं. प्रवेशशुल्क २०१३पासून आहे.

वेशीपाशी थांबा. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी एत्रुस्कन लोकांनी, म्हणजे रोमनांच्या आधी या भागात राहणाऱ्यांनी, इथे टफ कापून वाट केली. उंच, संरक्षणाला सोयीचा आणि हत्याराने सहज कोरता येणारा हा खडक त्यांना हवाच होता. कमानीवर माणसांची मुंडकी पंज्यात धरलेले दोन दगडी सिंह आहेत. ओर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की घराण्याविरुद्धच्या उठावाची ती खूण, असं सांगतात.

आत शिरल्यावर लगेच एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत दिसेल. वरच्या खिडक्यांकडे नीट बघा, त्यांतून आकाश दिसतं! मागचा वाडा दरीत गेला. सान बोनाव्हेंतुरा या मध्ययुगीन संताचं जन्मघरही असंच कड्यावरून गेलं. पुस्तकात वाचलेली जमिनीची धूप या भिंतीसमोर जितकी पटते तितकी आणखी कुठेच नाही.

१६९५च्या भूकंपानंतर बिशप आणि गावचा कारभार बान्योरेज्योला हलला. तोवर चौकातलं सान दोनातो चर्च हे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च होतं. आज गावात कायमची राहणारी मोजकीच माणसं उरलीत. चर्च बघून झालं की भूगर्भ आणि दरडींचं छोटं संग्रहालय चुकवू नका. कडा सावरायला काय काय केलं जातं ते तिथे कळतं.

मुक्काम ओर्व्हिएतोत असेल तर दुसऱ्या दिवशी तिथली सान पात्रित्सिओची विहीर उतरा. बादशहा पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटल्यावर ओर्व्हिएतोत आश्रय घेतलेल्या पोप सातव्या क्लेमेंटने वेढ्यात पाणी मिळावं म्हणून ती १५२७मध्ये खोदायला लावली. खोली सुमारे ५३ मीटर, उतरायला आणि चढायला वेगळे गोल जिने. वरच्या भागात भिंत कोरीव टफची आहे, खाली चिकणमाती लागल्यावर विटांचं बांधकाम सुरू होतं. चिवितात दुरून पाहिलेली थरांची ती जोडी इथे हाताच्या अंतरावर आहे.