चाळिशीनंतर शिक्षक व्हायचंय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी एकोणीस वर्षं क्वालिटीत काढली. दिवसभर मायक्रोमीटर, रिजेक्शन आणि ऑडिटची तयारी. चव्वेचाळिसाव्या वर्षी बी.एड.च्या वर्गात जाऊन बसलो आणि आता आठवी-नववीला गणित-विज्ञान शिकवतो. तेव्हापासून ओळखीपाळखीच्यांचे फोन येतातच. “सर, फार झाली ही नोकरी, आता शाळेत शिकवावं म्हणतोय.” त्यातल्या निम्म्यांनी राजीनामा आधीच टाकलेला असतो. पहिली चूक तिथेच झालेली असते.

दार कोणतं, ते न बघताच घराबाहेर पडणं

जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांमधली भरती ‘पवित्र’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून होते. त्यासाठी टेट द्यावी लागते. टीईटी वेगळी, टेट वेगळी. नावांनी सगळ्यांचाच गोंधळ होतो. टीईटी ही पात्रता परीक्षा: पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, १५० प्रश्न, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के हवेत. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. टेट ही भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी: २०० प्रश्न, १२० मिनिटं. ती दरवर्षी होत नाही. २०१७ ला झाली, मग थेट २०२३ ला, मग २०२५ ला.

आणि वय? सरकारी भरतीत साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा. म्हणजे माझ्यासाठी हे दार मी बी.एड.चा फॉर्म भरला तेव्हाच बंद होतं. बी.एड.ला वयाची अट नाही, म्हणून पुढेही नसेल असं मी गृहीत धरलं होतं. कॉलेजही प्रवेश देताना हे सांगत बसत नाही. वयात बसत असाल तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. जानेवारी २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० आहे. घराचा हप्ता असलेल्या माणसाने हा आकडा बायकोला (किंवा नवऱ्याला) आधी सांगावा, मग फॉर्म भरावा.

आपल्या वयाच्या माणसांसाठी खरं दार म्हणजे विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळा. तिथे वयाला कोणी फार विचारत नाही, पगार मात्र शाळेगणिक बदलतो. मुलाखतीत संकोच न करता विचारा: पगार बारा महिन्यांचा की दहा? मे महिन्याचा मिळतो का? पीएफ कापता का? आठवड्याला तासिका किती? मी यातलं काहीच विचारलं नाही. पहिल्या शाळेत मे उजाडला तेव्हा कळलं. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापकासाठी नेट-सेटला वयोमर्यादा नाही हे खरं, पण बऱ्याच जणांचा गाडा तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, येऊन अडतो.

बी.एड. निवडतानाच्या चुका

बी.एड. केलं की कुठेही शिकवता येतं, हा समज आता चालणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही, तिथे डी.एल.एड. (आपलं जुनं डी.एड.) लागतं. लहान मुलांना शिकवायची हौस असेल तर दोन वर्षं चुकीच्या कोर्सला घालवू नका.

दुसरी चूक अध्यापन पद्धतीची, म्हणजे आपण ज्याला ‘मेथड’ म्हणतो त्याची. शाळा तुमचा विषय पदवीवरून आणि मेथडवरून ठरवते. माझ्या एका परिचितांनी वीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली, बी.कॉम.वर बी.एड. केलं. नंतर लक्षात आलं की पाचवी ते दहावीच्या वेळापत्रकात अकाउंट्स हा विषयच नाही, आणि अकरावी-बारावीला शिकवायचं तर बी.एड.सोबत एम.कॉम. हवं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते आता एम.कॉम.चे पेपर देताहेत. प्रवेशाआधी ज्या शाळेत शिकवायची इच्छा आहे तिथल्या मुख्याध्यापकांना गाठून “माझ्या पदवीवर मला कोणता विषय द्याल?” एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं.

तिसरी चूक ‘नॉन-अटेंडिंग’ची. “सर, फक्त परीक्षेला या” असं सांगणारे एजंट भेटतील. नियमित बी.एड. दोन वर्षांचं आहे, त्याला ८० टक्के हजेरी लागते, शाळेतली आंतरवासिता (इंटर्नशिप) वीस आठवड्यांची असते आणि तिला ९० टक्के. दूरस्थ बी.एड. आहे, पण ते मुळात आधीच शिक्षक-प्रशिक्षण झालेल्यांसाठी. कंपनीतून थेट उठून आलेल्याला ते मिळत नाही. थोडक्यात, नोकरी सांभाळून बी.एड. जमत नाही. दोन वर्षांचा खर्च आधी बाजूला काढा.

कागदावरच्या नियमांपेक्षा ती आंतरवासिताच महत्त्वाची, हे मला उशिरा पटलं. पाठ टाचण, म्हणजे तासाला काय आणि कसं शिकवायचं याची आखणी, लिहायचा मला भयंकर कंटाळा. वीस-बावीस वर्षांची पोरं माझ्याकडून व्हर्निअर समजून घ्यायची आणि मी त्यांच्याकडून टाचणं उतरवायचो. पुढे ते अंगाशी आलं.

वर्गात गेल्यावर

कंपनीत तीस जणांसमोर प्रेझेंटेशन दिलंय, मग अठ्ठेचाळीस मुलांचं काय, असं वाटलं होतं. पहिल्या आठवड्यात आठवीला (a + b)² चं सूत्र शिकवलं. फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. तिसऱ्या बाकावरची मुलगी म्हणाली, “सर, तुम्ही लिहिता तिथेच उभे राहता.” बाजूला झालो. शेवटी विचारलं, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात, “होऽऽऽ सर!” खूश होऊन (x + 3)² सोडवायला दिलं आणि वह्या गोळा केल्या. एकतीस वह्यांत उत्तर होतं x² + 9. मधला 6x गायब.

स्टाफरूममध्ये ही कहाणी सांगितली तर शेजारच्या बाई हसल्या. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण शिकवण्यात माझ्यापेक्षा बारा वर्षं पुढे. म्हणाल्या, “सर, समजलं का असं विचारायचंच नाही. मुलं आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. बाजू x + 3 चा चौरस काढायला लावा, त्याचे चार तुकडे करायला लावा, तुकड्यांची क्षेत्रफळं लिहायला लावा.” दुसऱ्या दिवशी तसंच केलं. चौरसात कडेचे दोन आयत दिसले आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “अरे, हे दोन 3x राहिले होते!” कंपनीत दोष सापडला की पार्ट बाजूला काढतात. इथे चूक असलेली वहीच दुसऱ्या दिवशीच्या तासाचं टाचण ठरवते. मी टाळलेलं काम नेमकं हेच होतं.

अजून काही अडचणी आणि मला लागू पडलेले उपाय:

वर्गात गोंगाट झाला की आवाज चढवू नका. मी चढवला, दुसऱ्या महिन्यात घसा पार बसला. आता बोलता बोलता थांबतो, फळ्यावर एक गणित लिहितो आणि वाट बघतो. पाणी मात्र तासातासाला.

पोर्शन मागे पडत असेल तर बहुतेक वेळा दोष किस्से सांगण्याचा असतो. “आमच्या कंपनीत…” हे मुलं आवडीने ऐकतात, कारण तेवढा वेळ गणित टळतं. आठवड्याला एक किस्सा, तोही धड्याला धरून. स्टाफरूममध्ये तर एकही नको. तिथे “आमच्याकडे असं चालायचं” म्हणणारा माणूस दिवाळीपर्यंत एकटाच डबा खातो.

वह्या घरी नेऊ नका. रोज एका ओळीच्या वह्या, ऑफ तासाला, शाळेतच. तो ऑफ तास गैरहजर शिक्षकाच्या बदलीला गेला तर जीव तीळतीळ तुटतो, पण ते चालायचंच.

आणि निवडीआधीच्या डेमो लेसनला (नमुना पाठाला) लॅपटॉपच्या भरवशावर जाऊ नका. मी चोवीस स्लाइड घेऊन गेलो होतो. ज्या वर्गात पाठवलं तिथे प्रोजेक्टर नव्हता, आणि मला खडू धरायची सवय नव्हती.

आता फोन करणाऱ्यांना मी आधी एक काम देतो. सोसायटीतली किंवा गल्लीतली सहावीची दोन मुलं शोधा, त्यातलं एक गणिताला घाबरणारं असू द्या. महिनाभर संध्याकाळी तासभर फुकट अपूर्णांक शिकवा, आणि मग मला परत फोन करा. गेल्या वर्षी हे काम तिघांना दिलं. एकाने दहाव्या दिवशी कळवलं की कंपनीच बरी. दुसऱ्याचा फोन आलाच नाही. तिसऱ्या एक बँकेतल्या ताई, महिना संपल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सर, पाव आणि पाऊण मिळून एक होतो हे पोरीला भाकरीने पटतं, वहीत का पटत नाही?” त्यांना मी बी.एड. सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, अभ्यासक्रम पाठवला.